मोटारीतलं जुनं तांबं कुणाचं? (आबांचा नफा, पोराचा नफा)

रिवाइंडिंगवाला (धागाकर्ता), शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आज घरात असं वाजलंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं विजेच्या मोटारी भरायचं (रिवाइंडिंगचं) दुकान आहे. वडिलांनी १९७४ साली सुरू केलं. त्यांना घरात आणि बाजारात सगळेच आबा म्हणतात. नंतर मी बसायला लागलो. आता तीन वर्षं झाली, डिप्लोमा करून आलेला मुलगाही बसतो. आबा रोज सकाळी येऊन गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसतात, पेपर वाचतात, आल्यागेल्याशी बोलतात.

आज एकजण सिंगल फेजचा पंप घेऊन आला. म्हणाला, "नुसता गुंगतोय, फिरतच नाही." मुलानं मीटर लावला, कपॅसिटर गेला होता. बदलला, दहा मिनिटांत पंप सुरू. बिल झालं ४३० रुपये. कपॅसिटर १८०, तपासणी २५०. त्या माणसानं मुकाट्यानं पैसे दिले आणि निघाला. आबा मात्र खुर्चीतून उठले. "बघायचं पैसं?" एवढंच म्हणाले, गल्ल्यातून अडीचशे काढले, त्या माणसाला हाक मारून परत बोलावलं आणि त्याच्या हातात कोंबले.

मुलगा दुपारी जेवला नाही. संध्याकाळी घरी भडका. आबा म्हणाले, "पन्नास वर्षं धंदा केला. फुकटचा रुपया कुणाकडनं घेतला नाही." मुलगा म्हणाला, "आबा, आणि तांबं?"

त्यानंतर घरात जी शांतता पसरली ती अजून आहे.

धंद्याबाहेरच्यांसाठी सांगतो. मोटार जळाली की जुनी कॉइल तोडून काढतात, वेढे मोजतात, गेज (तारेची जाडी) बघतात आणि तेवढीच नवी तार भरतात. निघालेलं जळकं तांबं भंगारात चांगल्या भावानं जातं. ते परत मागायचं असतं हे गिऱ्हाइकाला सहसा ठाऊक नसतं आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. आमच्याकडेही पन्नास वर्षं तसंच चाललं होतं. मुलगा आला आणि हल्ली त्यानं छापील बिल सुरू केलं. नवी तार इतके किलो, मजुरी इतकी, जुनं तांबं वजा इतकं.

आता मी दोघांच्या मध्ये. आबांना लबाड म्हणवत नाही. पोराला हावरट म्हणवत नाही. नफा घ्यायचा तर कसा घ्यायचा, हे आमच्या तीन पिढ्यांना एका घरात बसून ठरवता येईना. तुमच्याकडे काय होतं?

हिशोबनीस, शनिवार, रात्री ११:१५

धागा आवडला. पण आकडे टाका राव. पाच एचपीच्या एका मोटारीचं आबांच्या पद्धतीनं बिल किती आणि चिरंजीवांच्या पद्धतीनं किती? त्याशिवाय हा नुसता भावनेचा धागा होईल आणि चाळीस प्रतिसादांनंतर 'आमच्या वेळी' वर जाऊन थांबेल.

चाफा_पांढरा, शनिवार, रात्री ११:२०

आबांनी अडीचशे परत दिले ते गल्ल्यातून, खिशातून नव्हे. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही का? :)

रिवाइंडिंगवाला, रविवार, सकाळी ७:०५

चाफा, पोराच्या लक्षात आलं होतं. तोही मुद्दा काल निघाला.

हिशोबनीस, घ्या आकडे. पाच एचपीला साधारण तीन किलो तार लागते असं धरा. नवी तार तीन हजाराची. आबा त्यावर मजुरी लावायचे ७००, म्हणजे गिऱ्हाईक देणार ३,७००. जळकं तांबं दुकानात राहायचं, आजच्या भंगाराच्या भावानं त्याचे १,९५०. म्हणजे आबांच्या हातात खरी मजुरी पडायची २,६५०.

पोरगा लावतो तार ३,०००, मजुरी २,५००, जुनं तांबं वजा १,९५०. गिऱ्हाईक देणार ३,५५०.

म्हणजे गिऱ्हाइकाचे दीडशे वाचतात आणि आमचेही दीडशे कमी होतात. तरी गावात बोलतात काय, की "आबांचा नातू लई महाग हाय. मजुरीच अडीच हजार लावतो."

हिशोबनीस, रविवार, सकाळी ९:३०

वा! ही बेरीज फळ्यावर लिहून ठेवण्यासारखी आहे.

मी छत्तीस वर्षं कारखान्यांचे उत्पादनखर्च काढले. एक गोष्ट सगळीकडे तीच दिसली. वस्तूचे पैसे द्यायला कुणाला जड जात नाही, कामाचे द्यायला जातं. तार वजन करून दाखवता येते. पंधरा वर्षांच्या अनुभवानं दहा मिनिटांत दोष ओळखला, तर ती दहा मिनिटं तागडीत घालता येत नाहीत. मग दुकानदार काय करतो, कामाचा पैसा वस्तूत लपवतो. आबांनी तांब्यात लपवला. कुणी कपॅसिटरमध्ये लपवतो, १८० चा ४३० ला लावतो आणि 'बघणं फुकट' म्हणतो. गिऱ्हाईक खूश!

आणखी एक. दुकानाचा गाळा स्वतःचा आहे ना? त्याचं भाडं आबांनी कधी हिशोबात धरलंय? स्वतःचा पगार? माझी खात्री आहे की नाही. वर्षाअखेरी गल्ल्यात जे उरलं त्याला ते नफा म्हणत असतील. ती त्यांची मजुरी होती आणि गाळ्याचं भाडं होतं. खरा नफा बहुतेक शून्याच्या आसपास असणार. ज्याला आपण नफा घेतच नाही असं वाटतं, त्याला ते खरंही वाटतं, कारण त्याच्या हिशोबाच्या पद्धतीत तो दिसतच नाही.

अवांतर: शंभराची वस्तू सव्वाशेला विकली की दुकानदार सांगतो '२५ टक्के'. ते खरेदीवर. विक्रीवर मोजलं तर २० च. हे नीट न कळल्यामुळे 'वीस टक्के सूट' देऊन पदरचं घालवून बसलेले दुकानदार मी पाहिलेत.

सातबारा, रविवार, सकाळी १०:१०

हिशोबनीस साहेब, तुम्ही आत्ता जे आबांबद्दल लिहिलंत तेच आम्हा शेतकऱ्यांबद्दल सरकार गेली कित्येक वर्षं करतंय. स्वामिनाथन आयोगानं २००६ मध्ये सांगितलं की उत्पादनखर्चावर किमान ५० टक्के धरून हमीभाव द्या. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट जाहीरही झाला. पण खर्च कुठला धरला? एटू अधिक एफएल. म्हणजे बी-बियाणं, खत, औषधं, मजूर असा रोख खर्च आणि घरच्या माणसांच्या कष्टाचा अंदाज. सीटू धरला असता तर स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याजही आलं असतं. ते गाळलं. तुमच्या गाळ्याचं भाडं तसं आमच्या रानाचं भाडं.

तुम्ही सगळे 'किती नफा घ्यावा' यावर बोलताय. आम्हाला किंमतच लावता येत नाही, तर नफा घ्यायचा की नाही हा प्रश्न कुठून येणार? वांगी पोत्यात भरून नेली की भाव लिलावात कळतो. २०१६ पर्यंत वर आडतही आमच्याच पट्टीतून कापायचे, मग ती खरेदीदारावर गेली. माझे वडील म्हणायचे, शेतकऱ्याला नफा होत नाही, एखाद्या वर्षी तोटा होत नाही इतकंच.

काडीपेटी, रविवार, सकाळी ११:००

लोकहो, मी २६ वर्षांचा. मला हा 'नफा घ्यावा की नाही' प्रश्नच कळत नाही. ज्याला परवडत नाही त्यानं दुसरीकडे जावं. आधीच्या पिढीला पैशाची लाज का वाटते? आमच्या घरात कुणी पगार विचारला तरी आई विषय बदलते. मी शेअर बाजारात ऑप्शन्स करतो हे घरात सांगितलं तर वडिलांचा चेहरा असा झाला की मी जणू मटका लावतोय. आणि तुमच्या पिढीला बोलायला काय जातं? १९८६ ते २००० पीपीएफवर १२ टक्के मिळत होते. करमुक्त. हमखास. आज ७.१ आहेत. बसून बारा टक्के मिळाले असते तर मीही साधुसंत झालो असतो.

जुनी_दौत, रविवार, दुपारी १२:४०

काडीपेटी, पीपीएफचा टोला बरोबर बसला. कबूल. फक्त त्या बारातले बरेचसे महागाईच खायची, तेवढं लिहून ठेवा.

मी ७९ वर्षांचा आहे, टाईप हळू होतं, सांभाळून घ्या. तुम्ही विचारलंत लाज का वाटते. आमच्या कानावर 'नफा' हा शब्द एकटा कधी आलाच नाही. यायचा तो 'नफेखोर' म्हणून, आणि त्याच्या जोडीला 'साठेबाज'. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झालं, ते माझ्या आईनं रांगेत उभं राहून काढलं. १९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, मग साठच्या दशकातली टंचाई, मग १९७२ चा दुष्काळ. रॉकेल, साखर, डालडा, सिमेंट. प्रत्येक गोष्ट दुकानात 'नाही' असायची आणि मागच्या दारानं मिळायची. स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, नाहीतर 'ऑन' द्यायचा. तुमच्यातल्या कितीजणांना 'ऑन' म्हणजे काय ते ठाऊक आहे? वस्तूच्या किमतीवर पावतीशिवाय द्यायचा पैसा. आम्ही जो नफा डोळ्यांनी पाहिला तो बहुतेक असा. कुणी वस्तू चांगली बनवली म्हणून मिळालेला नव्हे, कुणी ती दडवली म्हणून मिळालेला.

सरकारही तेच धरून चालायचं. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन तुमचे. पाकिटावरच्या किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' असं छापलेलं असायचं, ते १९९० मध्ये बंद झालं. तोवर त्या 'वेगळे'मध्ये दुकानदार काय काय मावून घ्यायचे!

आबांनी १९७४ ला दुकान काढलं म्हणता. त्या साली आपल्याला कुणी नफेखोर म्हणू नये म्हणून माणूस काय वाटेल ते करील. मजुरी सातशे दाखवील आणि तांबं गुपचूप ठेवील, हे मला तरी समजतं. पटतं असं म्हणत नाही.

दुपारची_झोप, रविवार, दुपारी २:०५

जुनी_दौत काका, दंडवत. असे प्रतिसाद आले की इथं खातं उघडल्याचं सार्थक होतं.

आडवाट, रविवार, दुपारी ३:३०

सगळं खापर कंट्रोलच्या जमान्यावर फोडू नका. आपल्याकडे हे आधीपासून आहे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण सांगायची आणि मुलगी द्यायची ती मात्र नोकरीवाल्याला.

आणि तुकोबांचं नाव घेऊन पैशाला नाकं मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते स्वतः वाणी होते. घरात दुकान होतं, सावकारी होती. आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही कथा सगळ्यांना पाठ. पण 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें' म्हणताना 'जोडोनिया' आधी येतं, हे सोयीनं विसरतो आपण. धन जोडू नका असं तिथं कुठंही नाही.

जोतीराव फुले तर ठेकेदारी करायचे. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भागीदार होते. शाळेच्या पुस्तकात आपण ते एका ओळीत उरकतो, जणू काही खासगी गोष्ट आहे.

आणि रिवाइंडिंगवाले, तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षक होते. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली. त्याआधीच बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं होतं. मुंबईहून सायकल घेऊन पाठवायची आणि भावानं ती विकायची. सायकलीची किंमत सातशे ते हजार. आणि ती चालवायला शिकवायचे वेगळे १५ रुपये! कुणी म्हणालं असेल का, "शिकवायचे पैसे?" नक्की म्हणालं असेल. पुढे लोखंडी नांगर केला तर लोक म्हणाले लोखंडानं जमीन विषारी होते, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये.

चाफा_पांढरा, रविवार, दुपारी ४:१०

आडवाट, थोर पुरुषांची नावं काढली की वाचताना बरं वाटतं, पण त्यानं आबांचा प्रश्न सुटत नाही. १५ रुपये घेणाऱ्यांनी ते उघड घेतले. इथं वाद उघड आणि गुपचूपचा आहे. कमी आणि जास्तचा नाही.

मी ब्लाउज शिवते. बावीस वर्षं. शिलाई वाढवली की पहिला आवाज नात्यातूनच येतो, "अगं, घरीच तर बसून करतेस." घरी बसून! वीज घरची, मशीन घरचं, डोळेही घरचेच. माझी सासू जन्मभर शेजारणींना फुकट पापड लाटू लागली आणि तिला कधी वाटलं नाही की यात काही विकण्यासारखं आहे. आणि तिच्याच वयाच्या सात बायकांनी १९५९ साली गिरगावात ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. लाटणारी प्रत्येक भगिनी मालक आणि नफा वाटून घ्यायचा, असा नियम. नफा हा शब्द त्या बायकांनी न लाजता वापरला असेल असं मला वाटून जातं.

माझी मुलगी मला दरपत्रक करून भिंतीला लाव म्हणते. अस्तर वेगळं, फिटिंग दुरुस्ती वेगळी. मी अजून लावलेलं नाही. खरं कारण सांगू? पाटी लावली की मैत्रिणींकडून पैसे घ्यावे लागतील.

काडीपेटी, रविवार, दुपारी ४:४०

ताई, घ्यावे लागतील नाही, घेता येतील!

धुलाई_यंत्र, रविवार, संध्याकाळी ६:००

मी वॉशिंग मशीन, फ्रिज दुरुस्त करतो. शहरात. रिवाइंडिंगवाल्या दादांच्या पोराच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो, जी धंद्यातले लोक चारचौघांत बोलत नाहीत.

तपासणीचे पैसे न देणारं गिऱ्हाईक मेकॅनिकला खोटं बोलायला लावतं. मी नवीन असताना बघायला गेलो की म्हणायचो, काही नाही, पाण्याच्या नळीच्या जाळीत कचरा अडकलाय, साफ केला. झालं. बाई म्हणायच्या, "अरे वा, मग चहा घे." पेट्रोल माझं, वेळ माझा, मिळाला चहा. असं दिवसातून तीनदा झालं की चौथ्या घरात माणूस जाळी साफ करतो आणि सांगतो, पीसीबी (आतलं सर्किट बोर्ड) गेलाय, साडेतीन हजार. मी ते केलं नाही असं छातीठोकपणे म्हणणार नाही. दोनदा केलंय. दुसऱ्यांदा केलं ते एका निवृत्त मास्तरांच्या घरी, आणि त्यांनी मला पन्नास रुपये वर दिले, लवकर आलास म्हणून. त्या रात्रीनंतर मी भेटीचे ३५० ठरवले. फोनवरच सांगतो. निम्मे लोक फोन ठेवतात. उरलेल्या निम्म्यांशी मला खोटं बोलावं लागत नाही.

तेव्हा पोराला सांगा, अडीचशे घेत जा. पण आधी सांगत जा. बिलावर पहिल्यांदा दिसलं तर कुणालाही ते पाकीट मारल्यासारखंच वाटतं. त्या माणसाला पंप उघडायच्या आधी सांगितलं होतं का?

रिवाइंडिंगवाला, रविवार, संध्याकाळी ७:२०

धुलाई_यंत्र, नव्हतं सांगितलं. आत्ता पोराला विचारलं. "पाटी लावलीय की," म्हणाला. पाटी आहे, पण ग्रीसच्या डब्यामागे.

हिशोबनीस, रविवार, संध्याकाळी ७:४५

ग्रीसच्या डब्यामागे :)) म्हणजे चिरंजीवही अजून पुरते लाजेतून बाहेर आलेले नाहीत.

काडीपेटी, तुमचं एक राहिलं. तुम्ही ऑप्शन्सना आणि या पोराच्या अडीचशेला एकाच टोपलीत घातलंत. सेबीनं (शेअर बाजाराच्या नियामकानं) सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास जाहीर केला त्यात तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्समधल्या) वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. त्या पोरानं अडीचशे घेतले तेव्हा एका माणसाचा पंप चालू झाला. तुम्हाला एखाद्या गुरुवारी अडीचशे मिळतात तेव्हा कुणाचं काय चालू होतं? वडिलांचा चेहरा तसा झाला त्यात त्यांचं अगदीच चुकलं नाही. त्यांना दोन्हीतला फरक सांगता आला नाही, इतकंच.

काडीपेटी, रविवार, रात्री ८:१५

ओके, लागलं. मी उरलेल्या ७ टक्क्यांत नाही, हेही सांगून टाकतो. (वडील इथं नसतात.) पण माझा मुद्दा वेगळा होता. नोकरीत वर्षाला सहा टक्के वाढ आणि घरभाडं दहानं वाढतं, तेव्हा माणूस शॉर्टकट शोधतो. प्रामाणिक नफा कमवायला आधी दुकान लागतं हो.

सातबारा, रविवार, रात्री ८:३०

दुकान लागतं, नाहीतर रान. रान घे माझं, सीटूनं भाडं लावतो.

रिवाइंडिंगवाला, सोमवार, रात्री ९:५०

आज दुपारी दुकानात गर्दी नव्हती. आबांशी बोललो. मुलगा आतल्या खोलीत वार्निश मारत होता, पण कान बाहेर.

मी तांब्याचं थेट विचारलं. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "ते समद्यास्नी ठावं हुतं." मी म्हटलं, सगळ्यांना कसं ठाऊक? म्हणाले, भंगारवाला महिन्याला दारात गाडी लावायचा, आंधळं होतं का कोण? मग उठले, कपाटातून उधारीच्या वह्या काढल्या. लाल कापडी बांधणीच्या, अकरा. मोटार जळते ती उन्हाळ्यात, पाण्याची घाई असते तेव्हा. पैसे मिळतात ऊसबिल आल्यावर. आबा मार्च-एप्रिलात मोटार भरून द्यायचे आणि पैसे यायचे पुढच्या हंगामात. कधी त्याच्याही पुढच्या.

सातबारा, तुम्ही इथं असाल तर तुम्हाला माहीतच आहे. कारखान्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हा १९६६ चा आदेश आहे. आबांना मी ते सांगितलं तर हसले.

म्हणाले, व्याज कधी लावलं नाही. सावकार म्हणवून घ्यायचं नव्हतं. "त्याचं याज त्या तांब्यात." हे वाक्य ते पन्नास वर्षांत पहिल्यांदा बोलले असावेत, कारण बोलून झाल्यावर तेच जरा थबकले.

मुलगा आतून बाहेर आला. हाताला वार्निश. त्यानं एक वही उघडली, चार पानं उलटली आणि म्हणाला, "आबा, यातल्या कितीजणांनी दिलेच नाहीत?" आबांनी वही त्याच्या हातातून काढून घेतली. मिटली. "ते तुझ्या बिलात बसत न्हाई."

मला वाटलं इथं विषय संपेल.

जुनी_दौत, सोमवार, रात्री १०:३०

न संपलेला बरा. पण रोखीनं देणाऱ्याचंही तांबं जायचं ना? त्याच्याकडून कसलं व्याज? आबांना हे विचारू नका, वय झालंय. मी आपलं इथं म्हणून ठेवतो.

चाफा_पांढरा, सोमवार, रात्री १०:४५

हेच मनात आलं होतं, काका. रोखीवाल्यानं उधारीवाल्याचं व्याज भरलं. माझ्याकडे नात्यातल्यांच्या फुकट शिलाईचे पैसे परक्या गिऱ्हाइकांकडून जातात, तसंच. उद्या पाटी लावते.

रिवाइंडिंगवाला, बुधवार, दुपारी १:१०

नवीन प्रकरण. घाईत लिहितोय.

पोरानं तपासणीची पाटी पुढे आणली आणि तिच्याखाली दुसरी लावली, 'जुने तांबे वजन करून बिलातून वजा केले जाईल'. आबा काल दिवसभर त्या पाटीकडे पाठ करून बसले.

आज सकाळी आमचं जुनं गिऱ्हाईक आलं. नदीकाठचे बागायतदार, रोखीवाले, उधारी कधीच नाही. पाटी दोनदा वाचली. म्हणाले, "मालक, गेल्या चार वर्षांत माझ्या तीन मोटारी भरल्या तुम्ही. तेचं तांबं?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी पोराकडे. पोरगा म्हणाला, "द्यायचे." आबा काहीच बोलले नाहीत. बागायतदारांना चहा सांगितला आणि स्वतः शेजारी स्टूल ओढून बसले. आता दोघं ऊसावरच्या लोकरी माव्यावर बोलतायत आणि मधूनमधून माझ्याकडे बघतायत.

हिशोबनीस, असलात तर लगेच सांगा. भाव तेव्हाचा धरायचा की आजचा? आणि याला दिले तर उद्या रांग लागेल, ती कुठल्या सालापासून धरायची?

हिशोबनीस, बुधवार, दुपारी १:२५

मुदतीचा कायदा अशा देण्याला साधारण तीन वर्षं देतो. पण तुम्ही कायदा विचारत नाही आहात, हे मला कळतंय. भाव ज्या दिवशी भंगारात गेलं त्या दिवशीचा. आबांच्या वहीत भंगारवाल्याची नोंद असेलच, हे लोक तेवढं चोख लिहायचे.

धुलाई_यंत्र, बुधवार, दुपारी १:२८

दादा, तिन्ही मोटारी किती एचपीच्या होत्या? आणि सबमर्सिबल की मोनोब्लॉक? तांबं त्यावर ठरेल.